किती दूर, किती दिवस, कशासाठी?

कारंजा लाड या गावाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. वाट जिकडे जाते त्या ठिकाणाचं नाव वेशीला. वऱ्हाडातली ही जुनी, सधन पेठ. तिची श्रीमंती इतकी नावाजलेली होती की सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७० मध्ये, शिवाजी महाराजांची फौज इथवर आली. उंटांवर लादून आलेली कस्तुरी इथल्या एका व्यापाऱ्यानं विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवली, ही आख्यायिका गावात आजही सांगतात. दूरदेशीची ये-जा या गावाला नवी नाही. आणि याच गावात, जिथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर परंपरांची मंदिरं आहेत, जिथल्या भांडारांनी अपभ्रंश कवी पुष्पदंताची हस्तलिखितं जपली, तिथे माणसानं आपल्या जाण्यायेण्याला आपणच सीमा घालावी असं सांगणारी शिकवणही नांदत आली.

तिचं नाव दिग्व्रत. जैन श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे एक. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात त्याची रीत अगदी स्पष्ट आहे. दहाही दिशांना आपण कुठवर जाणार ते ठरवायचं आणि ती मर्यादा मरेपर्यंत पाळायची. सीमेच्या खुणा सगळ्यांना माहीत असलेल्याच घ्यायच्या: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश किंवा योजनांत मोजलेलं अंतर. या मोठ्या कुंपणाच्या आत आणखी एक लहान कुंपण असतं, ते देशव्रत. तिथे जागाही थोडी आणि काळही थोडा. अमुक घर, अमुक गाव, अमुक शेत. आणि मुदत वर्षाची, अयनाची, ऋतूची, चातुर्मासाची, महिन्याची किंवा पंधरवड्याची. सकाळी उठून ‘आज दारव्हा वेशीपलीकडे पाऊल टाकणार नाही’ असं मनाशी ठरवणं हेही या व्रतात बसतं.

अयन म्हणजे सूर्याचा सहा महिन्यांचा प्रवास. अमेरिकेच्या विमानतळावर उतरलेल्या भारतीय आजी-आजोबांना तिथला अधिकारी राहण्याची जी मुदत देतो, ती बहुधा तेवढीच असते.

निवृत्तीनंतरचा परदेशातला लांब मुक्काम हा आता फक्त पुण्या-मुंबईचा विषय राहिलेला नाही. कारंज्याच्या वाशीम जिल्ह्यातली मुलं पुण्यात, हैदराबादला शिकतात आणि तिथून टोरांटो, मेलबर्न, डॅलसला जातात. मागे राहतात निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पंचायत समितीतून बाहेर पडलेले अधिकारी, आणि ज्यांना निवृत्ती कधी मिळतच नाही अशा त्यांच्या बायका. मग फोनवर विषय निघतो, ‘बाबा, यंदा सहा महिने तरी या.’ आणि घरात पहिला प्रश्न उभा राहतो, कोणता व्हिसा काढायचा?

हा प्रश्न एजंटाच्या टेबलावर सुटतो असं सगळ्यांनाच वाटतं. तो तिथे सुटत नाही. व्हिसाचा कोणताही अर्ज उघडला तरी त्याच्या मुळाशी चार प्रश्न असतात: कुठे जाणार, किती दिवस, कशासाठी आणि खर्च कोणाचा. अमेरिकेचा डीएस-१६० हा अर्ज भरताना प्रवासाचा हेतू, मुक्कामाचा काळ आणि पैसे देणाऱ्याचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहावं लागतं. जी माणसं या रकान्यांशी अडतात, त्यांची अडचण इंग्रजीची असते असं नाही. घरातल्या कोणी अजून त्यांना हे विचारलेलंच नसतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलेलं नसतं. दिग्व्रत आणि देशव्रत यांनी हेच विचारलं होतं. फरक इतकाच की तिथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असतो.

आपल्या धर्मविचारानं वृद्धापकाळातल्या जाण्याबद्दल पुष्कळ सांगून ठेवलंय, आणि त्यातलं थोडं आजच्या परिस्थितीच्या अगदी उलट आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ कशी ओळखावी ते दिलंय. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालं, की गृहस्थानं वनाची वाट धरावी. बायकोला मुलांकडे सोपवावं किंवा सोबत न्यावं. म्हणजे नातवाचा जन्म ही तिथे घरातून बाहेर पडण्याची खूण आहे. आज नातवाचा जन्म हेच सुनेच्या किंवा लेकीच्या घरात शिरण्याचं कारण ठरतं. घर सुटतं ते दुसऱ्या घरात, अधिक जबाबदारीच्या घरात पाऊल टाकण्यासाठी. कारंज्यातला दोन खोल्यांचा संसार आवरून निघालेली बाई तिकडे पोचल्यावर पहाटेपासून बाळाचं दूध, अंघोळ, सगळ्यांचे डबे आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांत बुडून जाते. व्हिसाच्या कागदावर मात्र तिचा हेतू ‘भेट’ असा असतो.

समुद्रपार जाण्याला तर शास्त्रकारांनी सरळ विरोध केला होता. बौधायन धर्मसूत्रात पातित्य आणणाऱ्या कर्मांच्या यादीत समुद्रप्रवासाचं नाव पहिलं आहे, आणि त्यावर तीन वर्षांचं कडक प्रायश्चित्त सांगितलंय. पुढच्या निबंधकारांनी तो कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या कर्मांत, घातला. रघुनाथरावांनी १७८१ च्या सुमारास आपले वकील इंग्लंडला पाठवले, त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण होते. ब्रिटिश पार्लमेंटातल्या एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं आणि त्यांच्या आचाराची सोय केली. तरी परतल्यावर हनुमंतरावांना सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर पडून पुनर्जन्माचा विधी करावा लागल्याची नोंद आहे. पुढे शंभर वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जैनांच्या वतीनं वीरचंद गांधी गेले, कारण ज्यांना निमंत्रण होतं ते मुनी आत्मारामजी साधुधर्माच्या नियमांमुळे जहाजात बसू शकत नव्हते. गृहस्थ असलेल्या वीरचंदांनाही परतल्यावर समाजातल्या सनातनी मंडळींच्या रोषाला तोंड द्यावं लागलं.

आज त्या बंदीचं कोणाला काही वाटत नाही, आणि ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्यासोबत एक चांगला प्रश्नही गेला. बंदी होती तेव्हा जाणाऱ्याला आपण का जातो हे चारचौघांत सांगावं लागे. आनंदीबाई जोशी यांनी ते सांगितलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभं राहून त्यांनी लोकांच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं: अमेरिकेत का जायचं, इथेच शिकता येणार नाही का, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय. त्यांचा हेतू नेमका होता. वैद्यकी शिकायची आणि परत येऊन इथल्या बायकांवर उपचार करायचे. मुदतही त्या हेतूनंच ठरवली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. त्या वेळी कोणी त्यांच्याकडे व्हिसा मागितला नव्हता. प्रवाशांवर पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली; भारतात त्याचा कायदा १९२० चा. ‘कशासाठी’ हे सांगायला अधिकारी लागत नाही, विचार करणारं माणूस लागतं, हे आनंदीबाईंच्या त्या भाषणातून दिसतं.

आता व्हिसांकडे यावं. वेगवेगळ्या देशांचे नियम शेजारी ठेवून पाहिले की प्रत्येकामागचा विचार कळतो.

अमेरिकेचा बी-२ व्हिसा भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, पण त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. दर वेळी विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची शेवटची तारीख ठरवतो आणि ती आय-९४ या नोंदीत असते. ब्रिटनचा भेटीचा व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही असतो. एका भेटीत सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि लागोपाठ भेटी देत तिथेच घर करायचं नाही, असा स्पष्ट नियम आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. कॅनडानं डिसेंबर २०११ मध्ये खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र मुलाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीवर असावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्य विमा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून ८७० क्रमांकाचा प्रायोजित पालक व्हिसा आहे: तीन किंवा पाच वर्षांचा, एकूण दहा वर्षांपर्यंत, आणि त्याची फी जबर. त्यावर काम करता येत नाही. आधी मुलाला प्रायोजक म्हणून मान्यता मिळवावी लागते, मग पालकांचा अर्ज. ज्यांना मुलांकडे नाही, तर स्वतःच्या सुखासाठी परदेशात राहायचंय, त्यांच्यासाठी थायलंडचा निवृत्तिव्हिसा आहे. वय पन्नास किंवा त्याहून जास्त आणि बँकेत आठ लाख बाथ किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न, ही त्याची ओळखीची अट.

या यादीत सगळ्यात चांगला व्हिसा कोणता, हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तर नाही. बाळंतपणासाठी चार महिने जायचं असेल तर भेटीचा व्हिसा पुरतो. मुलाच्या जवळच उरलेली वर्षं काढायची असतील तर भेटीच्या व्हिसावर दर सहा महिन्यांनी ये-जा करणं हा शरीराला त्रास आणि कागदावर अर्धसत्य. आल्प्स आणि रोम पाहून यायचं असेल तर ९० दिवस भरपूर आहेत. हेतू ठरला की व्हिसा आपोआप ठरतो. हेतू धूसर राहिला की मात्र एजंट सोयीचा व्हिसा सुचवतो आणि माणूस त्या व्हिसाला शोभेल असा हेतू लिहून देतो. धर्माचा प्रश्न नेमका इथे येतो.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाचा सातवा अध्याय व्रतांना लागणारे दोष मोजून ठेवतो. सत्यव्रताच्या दोषांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. अचौर्यव्रताच्या दोषांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम ओलांडणं. राज्याच्या सीमेचा आणि नियमांचा भंग चोरीच्या सदरात का यावा, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. विचार केल्यावर पटतं. मुदत संपल्यावर जो राहतो, तो न दिलेलं घेतो. आणि न दिलेलं घेणं हीच त्या परंपरेतली चोरीची व्याख्या आहे. अमेरिकेचा कायदा त्याची किंमतही वसूल करतो. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून गेलेल्याला तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून गेलेल्याला दहा वर्षं प्रवेश बंद. पासष्टीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दिग्व्रताचे दोष त्याहून सूक्ष्म आहेत. वरच्या, खालच्या आणि आडव्या दिशेची मर्यादा ओलांडणं हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी: एका दिशेचं अंतर कमी करून दुसऱ्या दिशेचं वाढवून घेणं. पाचवा स्मृत्यंतराधान: आपण कुठे सीमा आखली होती तेच विसरून जाणं. हा शेवटचा दोष आजच्या प्रवाशाला हमखास लागतो. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर दहा वर्षांपुढची तारीख असते, ती वाचून माणूस निर्धास्त होतो. आय-९४ वरची सहा महिन्यांची तारीख कोणी पाहतच नाही. मोठी सीमा आणि तिच्या आतली लहान सीमा यांची ही गल्लत. दिग्व्रत आणि देशव्रत वेगळी का सांगितली, हे या दोन तारखांकडे पाहून समजतं. आयुष्यभरासाठी कुठवर जाण्याची मुभा, हा एक प्रश्न. या खेपेला किती थांबायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

इथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. व्रत माणूस स्वखुशीनं घेतो. व्हिसा हा एका देशानं दुसऱ्या देशाच्या माणसावर लावलेला निर्बंध आहे. त्यात समता नाही. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला कायमचं राहायला आलेला समजतं. तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. चाळीस वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केलेला माणूस मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलातल्या खिडकीपुढे सातबारा, मुदत ठेवींच्या पावत्या आणि पेन्शनचा आदेश घेऊन उभा राहतो, तेव्हा तो खरं तर ‘मी परत जाईन’ एवढंच सांगत असतो, आणि ते कागदांनी शाबीत करावं लागतं. हा अपमान आहे. अशा निर्बंधाला व्रताची प्रतिष्ठा का द्यावी?

द्यायची नाहीच. व्हिसाची मुदत ही व्रत नव्हे. ती फक्त कमाल मर्यादा आहे. तिच्या आत आपली स्वतःची मर्यादा आखणं हे माणसाच्या हातात उरतं, आणि तिथेच त्याची मान ताठ राहते. सहा महिने मिळाले म्हणून सहा महिने राहायचं, पाच वर्षं मिळाली म्हणून पाच वर्षं, असं ज्याचं चालतं त्याचा मुक्काम परका अधिकारी ठरवतो. ‘नातू चालायला लागला की निघू, मिरगाआधी घरी पोचू’ असं ज्यानं निघण्यापूर्वीच ठरवलं, त्याच्यासाठी अधिकाऱ्याची तारीख ही केवळ बाहेरची रेघ. ती ओलांडायची वेळच येत नाही. खिडकीपुढच्या प्रश्नालाही त्याच्याकडे खरं आणि लहान उत्तर असतं.

कारंज्याची ख्याती ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर आहे, ते नृसिंह सरस्वती याच गावात १३७८ मध्ये जन्मले. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात त्यांच्या घर सोडण्याची कथा येते. मुंज झाल्यावर ते निघाले, आईनं अडवलं, तेव्हा तिच्यासाठी ते थांबले. जुळे भाऊ जन्मल्यावरच त्यांनी काशीची वाट धरली, आणि पुन्हा भेटीचं वचन दिलं. तीसेक वर्षांनी संन्यासी म्हणून ते कारंज्याला परत आले, आईवडिलांना भेटले आणि पुढे गेले. औदुंबरला चातुर्मास, नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं, मग गाणगापूर. संन्याशाला गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्रींपेक्षा जास्त थांबू नये असं स्मृती सांगतात. चातुर्मासात मात्र एका जागी राहायचं. एरवीची भटकंती आणि पावसातलं थांबणं, दोन्हींना नियम आहे. या चरित्रात निघण्याला कारण आहे, थांबण्याला कारण आहे, परतीलाही कारण आहे. घर सोडणाऱ्या मुलानं आईला वचन देऊन तिचं दुःख हलकं केलं. आज वचन देण्याची पाळी आईवडिलांवर आली आहे: आम्ही येतो, पण अमुक दिवसांनी जातो.

हे वचन द्यायला कठीण जातं, कारण मुलांना ते दुरावा वाटतं. पण मर्यादा नसलेला मुक्काम दोन्ही बाजूंना जड होतो. श्रावकाच्या अकरा प्रतिमांत, म्हणजे पायऱ्यांत, दहावी आहे अनुमतित्याग. या पायरीवर पोचलेला माणूस घरात राहू शकतो, मुलांच्या हातचं जेवतो, पण धंदा, लग्न, देणंघेणं, घरबांधणी यांत होकार-नकार देत नाही. विचारलं तरी नाही. परदेशातल्या मुलाच्या घरी राहणाऱ्या आईवडिलांना यापेक्षा नेमकी शिकवण शोधून सापडणार नाही. ते घर मुलाचं आणि सुनेचं आहे. तिथला बर्फ, तिथली शाळा, तिथला पगार यांबद्दल ते दोघं जाणतात. कारंज्याच्या वाड्यात चालणारा अधिकार तिथे चालवायला गेलं की घरातली हवा बदलते, आणि मग राहायची मुदत किती उरली याचा हिशेब मनातल्या मनात दोन्हीकडे सुरू होतो.

याच्या दुसऱ्या बाजूला आजीचे कष्ट आहेत. आजोबांनी अनुमती सोडली तरी आजीचे कष्ट सुटत नाहीत. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी तर हे सरळ नोंदवलंय: नातवंडं सांभाळायला आलेलं जवळचं माणूस भेटीच्या व्हिसावर येऊ शकतं, पण ती भेटच असली पाहिजे, नोकरी होता कामा नये. सरकारनं ही रेघ मजुरीच्या दृष्टीनं आखली. कुटुंबानं ती माणुसकीच्या दृष्टीनं आखावी. आठवड्यातला एक दिवस आजीचा, तिला वाचायला, देवळात जायला, नुसतं बसायला. महिन्यातला एक प्रवास तिच्या आवडीचा. आणि तिला परत जावंसं वाटलं तर कारण न विचारता तिकीट. एवढं ठरल्याशिवाय तिच्या अर्जावर ‘भेट’ हा हेतू लिहू नये. तो खरा नसतो.

देशव्रताच्या दोषांत दोन असे आहेत की आजच्या माणसानं थांबून विचार करावा: शब्दानुपात आणि रूपानुपात. सीमेपलीकडे जायचं नाही असं ठरवून माणूस आत बसतो, पण खाकरून किंवा हाक मारून पलीकडच्याकडून काम करून घेतो. किंवा स्वतः दिसेल असा उभा राहून इशारा देतो. पाय आत, मन बाहेर. मेलबर्नमध्ये बसून रोज रात्री कारंज्याच्या भाडेकरूला, शेत बटईनं दिलेल्याला, बँकेतल्या माणसाला व्हिडिओ कॉल करणारा निवृत्त गृहस्थ तिकडेही नसतो आणि इकडेही नसतो. उलट, कारंज्यात राहायचं ठरवून मुलाच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर पडद्यावरून नजर ठेवणारेही आहेत. नातवाचा चेहरा रोज पाहावा, त्यात दोष नाही. दोष कारभार सोडल्याचं सांगून तो आवाजानं आणि चेहऱ्यानं चालू ठेवण्यात आहे.

मुक्काम मोठा असेल तर निघण्याआधी आणखी एक गोष्ट बोलावी लागते, आणि ती घराघरांत टाळली जाते. तिकडे मरण आलं तर? पार्थिव भारतात आणायला मृत्यूचा दाखला, शवलेपनाचा दाखला, भारतीय वकिलातीचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. दिवस जातात, खर्च मोठा असतो आणि साध्या आरोग्य विम्यात तो असेलच असं नाही. आनंदीबाई पुण्यात वारल्या, तरी त्यांच्या रक्षेचा काही भाग अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या स्मशानभूमीत, त्यांना मुलीसारखं सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या जागेत ठेवला आहे. शेवट कुठे व्हावा, तिकडे दहन करून अस्थी आणल्या तर चालेल का, क्रिया कोणी करायची, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे. पण ते ज्याचं मरण त्यानं सांगावं. मुलावर तो निर्णय परक्या शहरातल्या इस्पितळात, मध्यरात्री टाकू नये.

म्हणून व्हिसाचा अर्ज उघडण्याआधी नवरा-बायकोनं समोरासमोर बसावं आणि दोघांनी वेगवेगळं लिहावं: का जायचं, किती दिवस, तिथे कोणतं काम करणार आणि कोणतं नाही, इथलं काय सोडून देणार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाई करू नये. आधी भेटीच्या व्हिसावर दोन-तीन महिने राहून यावं. देशव्रत लहान मुदतीचं असतं आणि पुन्हा घेता येतं, ही त्यातली मोठी सोय आहे. पेन्शनरांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये. १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’मुळे तो डिजिटल झाला आहे, तरी परदेशातून कसा द्यायचा ते निघण्यापूर्वी आपल्या बँकेत किंवा कोषागारात विचारून घ्यावं. आणि उत्तर ‘मुलाजवळच राहायचं’ असं निघालं, तर भेटीच्या व्हिसाच्या आडवाटेनं न जाता सरळ कॅनडाचा सुपर व्हिसा किंवा ऑस्ट्रेलियाचा पालक व्हिसा यांचा विचार करावा. सुपर व्हिसासाठी निमंत्रणपत्र मुलाला किंवा मुलीला लिहावं लागतं, आणि आईवडिलांच्या तिथल्या मुक्कामाचा खर्च आपण उचलू अशी हमी त्यात सहीनिशी द्यावी लागते. ते पत्र लिहिण्यापूर्वी त्याची आणि आईवडिलांची ही सगळी बोलणी झालेली असावीत.